ताकदीच्या गोळ्यांचा वाटा

मी सरकारी आरोग्य सेवक आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या सहा वाड्या माझ्याकडे आहेत. तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, विहिरीत पावडर टाकायची, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर पेटी वाहायची, ही माझी नोकरी. मी कमी बोलतो. लोकांना तो सज्जनपणा वाटतो, आणि मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो माझा मावसभाऊ. माझ्याहून दीड वर्षाने लहान, मला दादा म्हणायचा. त्याचे वडील लवकर गेले म्हणून मावशी त्याला घेऊन आमच्याकडे आली, आणि तुडीलच्या बाजूच्या आमच्या बौद्धवाडीत आम्ही दोघे एकाच ताटलीत जेवून वाढलो. सावित्री नदीचा मासा घरी आला की त्यातली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आई त्याच्या वाट्याला टाकायची. "त्याला बाप नाय रे," म्हणायची. मला बाप होता, म्हणून गाबोळी नव्हती. हे मी आज पन्नाशी उलटल्यावर लिहितोय, यावरून समजा ती गाबोळी मी किती वर्षं चघळली असेल.

पुढे मला नोकरी लागली आणि तो बिरवाडीत भाड्याची खोली घेऊन कंपन्यांमध्ये ठेकेदाराकडे लागला. आज ड्रम उचल, उद्या टाकी धू. त्या काळात माझं त्याच्यावर फार प्रेम होतं. दर महिन्याला जाऊन यायचो, त्याच्या पोरीला खाऊ न्यायचो, तुझ्या नोकरीचं आमच्या साहेबांना सांगून बघतो म्हणायचो. तो खाली होता तोवर मला प्रेम करणं सोपं जात होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी एक संस्था आली. नाव गोड होतं, इथे लिहीत नाही. मुंबईचे एक डॉक्टर, दोन मदतनीस, पांढरी गाडी. वरून पत्र होतं की सहकार्य करावं. डोंगरातल्या लोकांचा थकवा कमी व्हावा म्हणून ताकदीच्या गोळ्या देऊन बघायच्या, असं सांगण्यात आलं. त्यांना वाड्यांची माहिती असलेला, चढ-उतार करणारा, लोकांशी गोड बोलणारा माणूस हवा होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "कुणी आहे का?" मी मावसभावाचं नाव सांगितलं. त्याचं भलं व्हावं असं वाटत होतंच. पण पिशव्या उचलणारा माझा माणूस तिथे असावा, असंही वाटत होतं.

महिन्याभरात तो पिशव्या उचलणारा राहिला नाही. त्याला जॅकेट मिळालं, संस्थेची मोटारसायकल मिळाली, हातात टॅब आला. डॉक्टर त्याला खांद्यावर हात टाकून "एक्सलंट" म्हणायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून ड्रायव्हरला सांगायचे, "वो हेल्थवाले भाई को भी चाय दे दो." भी! चौदा वर्षं त्या वाड्यांत पायी चढत होतो मी, आणि चहात मी 'भी' झालो.

चाचणी सगळ्यात वरच्या वाडीत होती, ती अशी. पाणवठ्यापासून वरच्या सहाणेपर्यंत, म्हणजे देवळापुढच्या मोकळ्या ओट्यापर्यंत, खडा चढ आहे. माणसाच्या पाठीला वाळूची गोणी बांधायची, छातीला पट्टा लावायचा आणि चढायला लावायचं. वर घड्याळ घेऊन मावसभाऊ उभा. सगळी वाडी तमाशा बघायला.

"आमी रोज चढतो तवा कोन लिवित नाय," एक जण धापा टाकत म्हणायचा.

"तवा तुज्या पाठीवर बायकोचा सरपन असता, वाळू नसते," दुसरा खालून ओरडायचा.

निम्म्या घरांना हिरव्या पाकिटातल्या गोळ्या, निम्म्यांना पांढऱ्या पाकिटातल्या. हिरव्यात औषध, पांढऱ्यात नुसती पिठी. हे लोकांना सांगायचं नव्हतं, पण लोक काही आंधळे नव्हते. हिरव्या पाकिटवाले पहाटेपासून उठून बांध घालत होते आणि पांढरेवाले दुपारी पडवीत घोरत होते.

त्या वाडीत एक काकी होती. नवरा नाही, मुलगा मुंबईला. एकटीच राहायची. तिच्या छातीचा ठोका चुकायचा; लहानपणी सांधे धरले होते, त्यातून हृदयाची झडप बिघडलेली. महाडच्या डॉक्टरांनी तिला चढ जपून चढायला सांगितलं होतं आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी लाल खूण केली होती. तीच वही बघून मावसभावाने तिला यादीतून काढलं.

काकीचं आणि माझं चांगलं होतं. वाडीत गेलो की ती ओटीवर चहा द्यायची. चौदा वर्षं ओटीवर. मी आत कधी गेलो नाही, तिने बोलावलं नाही, मी विचारलं नाही. का ते दोघांनाही ठाऊक होतं. आणि तिसऱ्याच आठवड्यात मी पायऱ्या चढून जातो तर हा आत चुलीपुढे पाटावर बसलेला! हातात तांदळाची भाकरी, आणि काकी त्याला म्हणतेय, "खा रे, तू काय पावना हायस?"

मला बघून तिने पदर सावरला. "बसा भाऊ, चा आनते," म्हणाली आणि कप घेऊन ओटीवर आली.

नंतर उतरताना मी त्याला विचारलं, "आत कसा गेलास?"

"कसा म्हंजे? पाऊस होता, गेलो. ती म्हनली भाकरी खातोस का. मी म्हनलो, खातो."

एवढंच. माझ्या चौदा वर्षांत पाऊस पडला नव्हता असं नाही.

त्याच सुमाराला ते कागद माझ्या हाती आले. रक्ताचे नमुने ठेवायला आमच्या उपकेंद्रातला फ्रिज त्यांनी घेतला होता आणि त्यांची एक फाईल माझ्या कपाटात राहिली. मी ती उघडली. चांगल्या हेतूने नव्हे. मावसभावाचा पगार किती ते बघायचं होतं. पगार सापडला नाही. दोन पानी इंग्रजी पत्र सापडलं. माझं इंग्रजी बारावी सायन्सचं, शब्द शब्द लावत वाचलं. पत्र दिल्लीच्या एका खात्याचं होतं, आणि ते खातं आरोग्याचं नव्हतं. संस्थेला पैसा तिथून येत होता. पैसा कुठून येतो ते कुणालाही कळता कामा नये, असं त्यात होतं. खूप वेळ जागं राहून ओझं घेऊन चालावं लागणाऱ्या सशस्त्र दलांसाठी ही गोळी तयार होत होती. भाग घेणाऱ्यांना 'पौष्टिक गोळी' एवढंच सांगावं. आणि शेवटच्या ओळींत: हृदयाचा आजार असलेल्यांना अजिबात देऊ नये, धोका पुरेसा तपासलेला नाही.

मी पोलादपूरच्या स्टँडसमोर झेरॉक्स काढली, फाईल जागेवर ठेवली.

इथे मला थांबून नीट सांगितलं पाहिजे. ते पत्र वाचून मला राग यायला हवा होता. आपल्या लोकांच्या पाठीला गोण्या बांधून कुणी दिल्लीत आकडे बघतंय याचा. राग आला नाही. मला आनंद झाला. वाटलं, हे एक दिवस फुटणार, आणि फुटेल तेव्हा जॅकेट घालून पुढे उभा असेल तो. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो खरोखर ताकदीच्या गोळ्या वाटत होता. मी झेरॉक्सची घडी जुन्या लसीकरणाच्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यात सरकवली आणि त्या दिवशी, बऱ्याच दिवसांनी, पोटभर जेवलो.

आता त्या वाडीची रीत. वाडीतलं कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं जे काही असेल, ते गावकी सगळ्या घरांत सारखं वाटते. सहाणेजवळ फणसाचं जुनं झाड आहे, गावकीचं. फणस पिकला की आबा, म्हणजे गावकीचा म्हातारा प्रमुख, तो फोडतो आणि पानांवर गऱ्यांचे वाटे मांडतो. घरात दहा माणसं असोत की एक, घराला एक वाटा. सरकारी ताडपत्र्या आल्या तेव्हाही तेच. चार घरांनाच मिळाल्या होत्या, तर आबाने कापून सगळ्यांना दिल्या. पावसात कुणाचंच घर पुरतं झाकलं गेलं नाही, पण भांडणही झालं नाही.

एका सकाळी मी रक्त घ्यायला वाडीत गेलो. सहाणेवर माणसं जमलेली. मध्ये आबा मांडी घालून बसलेला, हातात कात्री, पुढे घराघरांतून गोळा केलेल्या हिरव्या आणि पांढऱ्या पाकिटांचा ढीग. गोळ्यांच्या पट्ट्या कापून तो केळीच्या पानाच्या तुकड्यांवर वाटे मांडत होता. इतक्या हिरव्या, इतक्या पांढऱ्या, घराला एक वाटा.

"काय आबा, दुकान मांडलंय?" मी म्हणालो.

"न्याय मांडलाय," आबा म्हणाला. "तुमचा भाऊ गुनाचा हाय, पन वाटनी त्याला येत नाय. अर्ध्या घरांना ताकद नि अर्ध्यांना पीठ? नि त्या एकटीला तर काहीच नाय? ती चार दिस रुसून बसली हाय. म्हनते, मला एकटीलाच वगळलान."

काकी जोत्याला टेकून उभी होती. माझ्याकडे बघून हसली. "आता मी पन चढते का नाय बगा, भाऊ."

आबाने तिच्या वाट्याचं पान उचलून तिच्या पदरात रिकामं केलं. मी ते पाहिलं. माझ्या पिशवीत लाल खुणेची वही होती. पत्रातल्या शेवटच्या ओळी मला पाठ होत्या.

त्या क्षणी काकी माझ्या लक्षात आली नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ती लक्षात आली. पण तिच्या आधी दुसरं लक्षात आलं: सगळी घरं सगळ्या गोळ्या खाणार, म्हणजे घड्याळाचे आकडे बिघडणार, डॉक्टर चिडणार, आणि 'एक्सलंट'चं भांडं फुटणार. मी तोंड उघडलं असतं तर मावसभाऊ वाचला असता. एवढ्याशा गोळीनं काय होतंय, असं मनाला सांगितलं. दोन जणांच्या बोटातून रक्त घेतलं आणि खाली उतरलो. वाटेत तो भेटला, मोटारसायकलवर.

"दादा, वर सगळं ठीक ना?" त्याने विचारलं.

"ठीक," मी म्हणालो.

नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, काकी पाणवठ्यावरून दोन हंडे घेऊन चढताना पडली. त्या आठ दिवसांत ती सगळ्यांना सांगत होती म्हणे, की पाय हलके झालेत, झोपच लागत नाही, लाकडंसुद्धा पळत आणते. चौघांनी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणली. झोळीच्या पुढच्या दांड्याला मावसभाऊ होता. महाडला पोचेपर्यंत ती गेली होती. दवाखान्यात म्हणाले, हृदय आधीच खराब होतं. मुलाने मुंबईहून येऊन क्रियाकर्म केलं. कुणी काही तपासायला सांगितलं नाही. तिच्या उशाखाली रिकाम्या हिरव्या पट्ट्या होत्या. त्या मावसभावाला सापडल्या.

संस्था तिसऱ्या दिवशी गुंडाळली गेली. तालुक्याहून एक साहेब चौकशीला आले. संस्थेने लिहून दिलं होतं की स्थानिक कार्यकर्त्याने निष्काळजीपणे पौष्टिक गोळ्या वाटल्या. माझा जबाब झाला. 'मला याबाबत काही माहिती नाही,' असं मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं आणि सही केली. मग साहेबांना तोंडी म्हणालो, "पोरगा चांगला आहे हो. झाली असेल चूक." साहेबांनी मान हलवली आणि कागदावर 'चूक' लिहिली. तोवर तो शब्द कागदावर नव्हता.

बाहेर मावसभाऊ उभा होता. त्याने ऐकलं होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "दादा, तू बोललास म्हनून सुटलो. नायतर आत गेलो असतो."

तो परत बिरवाडीत ड्रम उचलायला लागला. वाडीत पुन्हा गेला नाही. काकीच्या मुलाने त्याला फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं. आणि माझं काय झालं म्हणाल, तर माझा हेवा थांबायला हवा होता. थांबला नाही. त्याला काकीसाठी उघड रडता येत होतं. ओक्साबोक्शी रडला तो, बायकोपुढे, माझ्यापुढे. मला तेही जमेना. मला त्याच्या रडण्याचाही हेवा वाटायचा.

हे असंच माझ्याबरोबर सरणावर गेलं असतं. पण गेल्या ज्येष्ठात तो पेढे घेऊन माझ्या घरी आला, पोरीला घेऊन. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. माझा मुलगा दोनदा नापास होऊन घरी बसलेला, त्यामुळे पेढा मी हातातच धरून बसलो. तेवढ्यात मावसभाऊ पोरीला म्हणाला, "काकासारखी नोकरी कर. खेड्यातल्या मानसांची काळजी घे. तुझ्या बापासारखी चूक करू नको."

पोरगी मान खाली घालून "हो पप्पा" म्हणाली. इतकी वर्षं त्या घरात हेच शिकवलं गेलं होतं: बापाने माणूस मारला, काकाने बापाला वाचवलं.

पुढच्या रविवारी मी पुठ्ठ्यातला कागद काढला आणि बिरवाडीला गेलो. त्याची बायको चहा ठेवू लागली. मी म्हणालो, "नको, आधी बोलू दे." आणि सगळं सांगितलं. पत्र, झेरॉक्स, सहाणेवरची कात्री, काकीचा पदर, वाटेत म्हटलेलं 'ठीक'.

तो पत्र हातात धरून बसला होता. इंग्रजी त्याला येत नाही. पोरीने वाचून अर्थ सांगितला. शेवटच्या ओळी तिने दोनदा वाचल्या.

तो म्हणाला, "म्हंजे पडायच्या आधी नऊ दिस."

"हो."

"नऊ दिस तुला म्हायती होता."

"हो."

"का पन? मी तुझा काय घेतला होता?"

मी गाबोळी म्हणालो नाही. पाटावर बसून खाल्लेली भाकरी म्हणालो नाही. म्हणालो, "मला तुझा हेवा वाटायचा."

त्याने खोलीत नजर फिरवली. पत्र्याचं छप्पर, दोरीवर कंपनीचे कपडे, कोपऱ्यात रसायनाने फाटलेले बूट. "ह्याचा?" तो म्हणाला. आणि हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. तिने गॅस बंद केला आणि माझ्यासाठी काढलेला कप परत फळीवर ठेवला.

"चल," तो उठला. "वाडीत चल. तिथं सांग."

मोटारसायकल आता नव्हती. पोलादपूरपर्यंत एस.टी.ने गेलो, पुढे पायी. तो पुढे, मी मागे.

सहाणेवर आबा होता, आता पाठीतून पार वाकलेला. मावसभावाला बघून माणसं जमली. मग त्याने सांगितलं की दादाला काही बोलायचंय. "दादा" हा शब्द त्याने त्या दिवशी शेवटचा वापरला. मी उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. दिल्लीचं खातं, गोण्या, गोळ्या. हे त्यांना लगेच समजलं. "म्हंजे आमाला बैल करून बगितला," एक जण म्हणाला. पण मी कात्रीचं सांगितलं, मी तिथे उभा असून गप्प राहिलो ते सांगितलं, तेव्हा आबाने हात वर करून मला थांबवलं.

"त्या दिसापास्ना मी वाटनी केली नाय," तो म्हणाला. "ह्या हातांनी तिच्या पदरात घातल्या मी. मला वाटला, मीच मारली. ह्यो म्हनतो त्याने मारली. नि तू खाली बसून आमचा दोगांचा तमाशा बगत व्हतास?"

काकीच्या मुलाला फोन लावला गेला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. मावसभावाने सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कागद जपून ठेव. मी शनिवारी येतो. तू पन ये." ते 'तू' मावसभावाला होतं. आता ते दोघे मिळून तक्रार करणार आहेत. माझा जबाबही लागेल. देईन. त्यात नोकरी जायची असेल तर जाऊ दे.

निघताना आबाने झाडाखालचा पिकलेला फणस आणायला सांगितला. हातांना तेल लावून स्वतः फोडला. पानं मांडली, गरे मोजून ठेवले, घराला एक वाटा. काकीच्या बंद घराचाही ठेवला. एक वाटा उचलून मावसभावाच्या ओंजळीत दिला. मग पानं संपली. आबाने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता घरात गेला.

उतरताना तो पुढे चालत होता, गरे खात. आठळ्या शर्टाच्या खिशात टाकत होता, पोरीला भाजून द्यायला असतील. फणसाचा वास मागे माझ्यापर्यंत येत होता. त्याने वळून एक गरा पुढे केला असता तर मी घेतला असता. पाणवठा आला. त्याने वाकून हात धुतले, तोंड धुतलं आणि पुढच्या उताराला लागला.